यंत्राचें वंगण : निवड आणि बदल

वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्याला वंगण ही वस्तु नवीन नाहीं. कण्याला तेल दिल्याशिवाय बैलगाडी लांबच्या गांवाला जुंपावयाची नाहीं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे मळतात, त्यांतली जाणीव आणि कण्याला तेल देण्यांतली जाणीव एकच होती : जो आपल्यासाठीं राबतो त्याची झीज आपण सांभाळावयाची. आज त्याच अंगणांत मोटारसायकल उभी असते आणि पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरहि असतो. परंतु बैलगाडीचें चाक आणि इंजिन यांत एक मोठा भेद आहे. कोरडें चाक करकरतें आणि धन्याला वेळींच सावध करतें. इंजिन मात्र शेवटपर्यंत गप्प राहतें. त्यांतून ठोक्याचा आवाज येऊं लागतो तेव्हां उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते. मृगाच्या पेरणीला किंवा सोयाबीनच्या मळणीला ट्रॅक्टरचें इंजिन धरलें, तर त्या शेतकऱ्याचा दुरुस्तीचा खर्च तर होतोच. पण हातचा हंगामहि जातो.

इंजिनचें ऑइल घरच्या घरीं बदलणें हें काम कठीण नाहीं. एक पाना, एक पसरट भांडें, एक नरसाळें आणि तासभर वेळ एवढ्यावर तें होतें. अडचण असते ती निवडीची. दुकानांत डबे अनेक, त्यांवरील अक्षरें व आंकडे परके, आणि गिऱ्हाईक म्हणतो, ‘चांगलें ऑइल द्या.’ मग जें दुकानांत आहे तेंच चांगलें ठरतें. वस्तुतः कोणतें ऑइल चांगलें, या प्रश्नाला उत्तरच नाहीं. या इंजिनाला कोणतें ऑइल योग्य, एवढाच प्रश्न विचारतां येतो; आणि त्याचें उत्तर इंजिन घडविणारानें यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत छापून दिलेलें असतें.

वर्धा हें तेलाच्या विचाराला अपरिचित गांव नव्हे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें कार्य मगनवाडींतून चाले, आणि तेथें बैलाच्या तेलघाणींत सुधारणा करण्याचे प्रयोग झाले. घाणीचें तेल आणि इंजिनचें तेल यांचा संबंध दूरचा वाटेल. पण मोटारींच्या आरंभींच्या काळांत एरंडेल हें इंजिनचें उत्तम वंगण मानलें जाई. इंग्लंडांतील वेकफील्ड कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच घालीत. परंतु तापलेल्या एरंडेलाचा चिकट राप इंजिनांत बसतो. म्हणून नित्याच्या वापरांत खनिज तेल पुढें आलें. आजचें इंजिन ऑइल म्हणजे हें शुद्ध केलेलें तेल आणि त्यांत घातलेलीं निरनिराळीं रसायनें यांचें मिश्रण होय.

या मिश्रणाला अनेक कामें करावीं लागतात. घासणाऱ्या धातूंच्या मध्यें पातळ पडदा धरणें हें पहिलें काम. जेथें पाणी किंवा वारा पोहोंचत नाहीं तेथील उष्णता वाहून नेणें हें दुसरें. जळणापासून झालेली काजळी व राप धुऊन स्वतःमध्यें तरंगत ठेवणें हें तिसरें. आणि जळणांतून उत्पन्न होणारें आम्ल मारून धातूला गंज चढूं न देणें हें चौथें. तेल कालांतरानें बदलावें लागतें तें याच कारणामुळें. तें आटतें म्हणून नव्हे, तर त्याची धुण्याची व आम्ल मारण्याची शक्ति संपते म्हणून. नुसती वरून भर घालीत राहणें म्हणजे खरकट्या पाण्यांत थोडें स्वच्छ पाणी ओतून त्यांतच भांडीं धुण्यासारखें आहे.

आतां डब्यावरील आंकड्यांकडे वळूं. अमेरिकेंत १९०५ सालीं मोटार अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एस.ए.ई.’ म्हणतात. तिनें १९११ सालीं तेलाच्या दाटपणाचे वर्ग ठरविले, आणि तेच सुधारत सुधारत आज सर्व जगांत चालतात. ‘२०डब्ल्यू-४०’ यांतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याचें द्योतक आहे. त्याच्या आधींचा आंकडा तेल थंडींत किती सहज वाहतें तें सांगतो, आणि नंतरचा आंकडा तापलेल्या इंजिनांत, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला, त्याचा दाटपणा किती राहतो तें सांगतो. आधींचा आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत लवकर चढतें. वीसच्या वर्गाची थंडींतील परीक्षा शून्याखालीं १५ अंशांवर घेतात, आणि दहाच्या वर्गाची शून्याखालीं २५ अंशांवर.

यावर कोणी म्हणेल, वर्ध्याला असली थंडी पडतेच कोठें ? येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हां जाडच तेल बरें. हा समज फार पसरलेला आहे, आणि नव्या इंजिनांच्या बाबतींत तो घातक आहे. शेतांतील ऊन ४५ अंशांचें असलें तरी चालत्या इंजिनांतील तेल नव्वद-शंभर अंशांवर किंवा त्याहून वर असतें. इंजिन घडविणारानें तेलाच्या वाटा, पंप आणि धातूंमधील फट हीं सर्व एका विशिष्ट दाटपणाला अनुसरून आंखलेलीं असतात. ठरल्याहून जाड तेल अरुंद वाटांतून उशिरां चढतें. आणि इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले कांहीं क्षणच अधिक झिजविणारे असतात. शिवाय जाड तेल घुसळण्यांत इंधन व्यर्थ जळतें. उलट, ठरल्याहून पातळ तेल जुन्या पद्धतीच्या इंजिनांत आवश्यक तो पडदा धरीत नाहीं. म्हणून पुस्तिकेंत १०डब्ल्यू-३० लिहिलें असेल तर तेंच, आणि १५डब्ल्यू-४० लिहिलें असेल तर तेंच घालावें. कांहीं पुस्तिकांत हवामानाप्रमाणें दोनतीन वर्गांचें कोष्टक असतें. तेथें वर्ध्याच्या उन्हाळ्याला लागू पडणारी ओळ पहावी. बोटांच्या चिमटींत धरून तेलाची परीक्षा करण्याची रीत मात्र सोडून द्यावी. चिमटींतील तेल तीस-पस्तीस अंशांचें असतें. तें शंभर अंशांवर कसें वागेल हें बोटांना कळत नाहीं.

दाटपणाच्या आंकड्यांनंतर गुणवत्तेचीं अक्षरें येतात. हीं ‘ए.पी.आय.’ या अमेरिकन संस्थेचीं. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांच्या तेलाला ‘एस’ पासून सुरू होणारी खूण असते, आणि डिझेलच्या तेलाला ‘सी’ पासून. पुढील अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें तितका वर्ग नवा. पेट्रोलचा ‘एस.पी.’ हा वर्ग २०२० सालीं आला. डिझेलचा ‘सी.एफ.-४’ १९९० चा, ‘सी.आय.-४’ २००२ चा, आणि ‘सी.के.-४’ २०१६ चा. शेवटचा चाराचा आंकडा चार ठोक्यांच्या इंजिनचा आहे. पुस्तिकेंत सांगितलेला वर्ग किंवा त्याच जातींतील त्याहून नवा वर्ग सामान्यतः चालतो. मागील वर्ग मात्र चालत नाहीं. डिझेलच्या ट्रॅक्टरला पेट्रोलचें तेल घालणें अयोग्य, कारण डिझेलची काजळी पुष्कळ अधिक असते आणि ती तरंगत ठेवण्याची शक्ति त्या तेलांत पुरेशी नसते. कांहीं डब्यांवर दोन्ही खुणा असतात. तेथें आपल्या इंजिनाला लागू पडणारी खूण शोधावी.

१ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे निर्बंध लागू झाले. त्यानंतरच्या पुष्कळ डिझेल मोटारींच्या धुराड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. तेलांतील धातुयुक्त रसायनें जळलीं कीं त्यांची राख त्या जाळींत सांचते, आणि ती पुन्हा जळून जात नाहीं. अशा गाडीला कमी राखेचें तेल लागतें. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांनाहि जानेवारी २०२३ पासून अधिक कडक निर्बंध लागू झाले; म्हणून नव्या मोठ्या ट्रॅक्टरच्या धन्यानें शेजाऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरचें तेल उसनें घालूं नये.

मोटारसायकलची गोष्ट आणखी निराळी आहे. मोटारगाडींत इंजिन व गिअर यांचें तेल वेगळें असतें. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच हीं तिन्ही एकाच तेलांत भिजलेलीं असतात. मोटारगाडीच्या कांहीं पातळ तेलांत घर्षण कमी करणारीं रसायनें घातलेलीं असतात. गाडीला तीं हितकर. परंतु क्लचच्या चकत्या घर्षणावरच काम करतात. त्या घसरूं लागल्या कीं इंजिन नुसतें ओरडतें आणि गाडी चढावर मागें पडते. म्हणून जपानच्या मोटार-मानक संस्थेनें, म्हणजे ‘जासो’नें, १९९८ सालीं मोटारसायकलच्या तेलासाठीं स्वतंत्र खुणा ठरविल्या. तेलांत भिजलेल्या क्लचच्या गाडीला ‘एम.ए.’ किंवा ‘एम.ए.२’ ही खूण पाहिजे. गिअर नसलेल्या बहुतेक स्कूटरांत क्लच कोरडा असतो, त्यांना ‘एम.बी.’ चालतें. मोटारगाडीच्या मोठ्या डब्यांतलें उरलेलें महाग तेल मोटारसायकलला घातल्यानें तिचा सन्मान होत नाहीं. क्लचचा नाश मात्र होऊं शकतो.

खनिज, अर्धसंश्लेषित आणि पूर्णसंश्लेषित असे जे प्रकार सांगतात, ते मूळ तेल कसें तयार केलें त्यावरून पडले आहेत. संश्लेषित तेल उष्णतेनें लवकर बिघडत नाहीं, आणि थंडींत सहज वाहतें. त्याची किंमतहि अर्थातच अधिक असते. पुस्तिकेनें तें मागितलें असेल तर तेथें काटकसर करूं नये. न मागितलें असेल, तर साधें तेल वेळच्या वेळीं बदलणारा मनुष्य महाग तेल घालून तें दुप्पट काळ चालविणाराहून शहाणा होय. कंपनीच्या नांवाचें महत्त्व यानंतरचें. मुंबईस माहूलच्या बाजूला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या शुद्धिकारखान्यांत वंगणाचें मूळ तेल निघतें. इंडियन ऑइलचें ‘सर्व्हो’, भारत पेट्रोलियमचें ‘मॅक’ आणि अनेक खाजगी कंपन्यांचीं तेलें बाजारांत आहेत. दाटपणा आणि वर्ग हीं दोन्ही जुळलीं, आणि माल खरा असला, म्हणजे यांतील कोणतेंहि घ्यावें.

माल खरा असला म्हणजे, हें शब्द सहज लिहिलेले नाहींत. जुन्या डब्यांत गाळलेलें जळकें ऑइल भरून विकण्याचा धंदा सर्वत्र चालतो. म्हणून झांकणाचें सील, त्याखालील चंदेरी पापुद्रा, तयार केल्याचा महिना व वर्ष, घाणा क्रमांक आणि कमाल किंमत हीं पाहून घ्यावीं. पेट्रोलपंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घेऊन पावती जपून ठेवावी. सुटें ऑइल पिंपांतून घेऊं नये. आणि रिकामा झालेला डबा भंगारांत देण्यापूर्वीं त्याला भोंक पाडावें, म्हणजे तोच डबा पुन्हा भरून दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरीं जाणार नाहीं.

तेलाची निवड झाली कीं अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें फिल्टरचें. आरंभींच्या मोटारींना तेलाचा फिल्टर नसे. अमेरिकेंतील स्वीटलंड यानें १९२३ सालीं ‘प्युरोलेटर’ काढल्यापासून त्याचा प्रसार झाला. मनुष्याच्या केंसाची जाडी सुमारें ७० मायक्रॉन धरली, तर चांगला फिल्टर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे बारीक कणहि बहुतांशीं अडवितो. फिल्टरच्या डब्यांत केवळ घडीचा कागद नसतो. इंजिन बंद असतां तेल खालीं उतरूं नये म्हणून पुष्कळ फिल्टरांत रबराची झडप असते. आणि कागद तुंबला तर तेल वळसा घालून जावें म्हणून एक सुटकेची झडप फिल्टरांत किंवा इंजिनांत असते. हलक्या फिल्टरांत या झडपाच कच्च्या निघतात. बाहेरून आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असें होत नाहीं. म्हणून पुस्तिकेंतील किंवा जुन्या फिल्टरवरील क्रमांक दाखवूनच नवा घ्यावा. नवें तेल घालून जुना फिल्टर ठेवणें म्हणजे धुतलेलें धोतर चिखलांत नेसण्यासारखें आहे. कित्येक लहान मोटारसायकलींत कागदी फिल्टर नसतो. तेथें तारेची जाळी असते, ती ठरल्या अंतरानें रॉकेलांत किंवा डिझेलांत धुऊन घ्यावी.

तेलाच्या फिल्टरइतकाच हवेचा फिल्टर महत्त्वाचा. उन्हाळी नांगरटीची धूळ आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा ज्यानें अंगावर घेतला आहे, त्याला हें सांगावयास नको. धुळींतील वाळूचे कण सिलिंडरांत गेले कीं ते सहाणेचें काम करतात, आणि मग सर्वांत महाग ऑइलहि कांहीं करूं शकत नाहीं. जुन्या ट्रॅक्टरांत हवा तेलाच्या वाटीवरून जाते व धूळ तेथें बसते. त्या वाटींतील गाळ धुळीच्या दिवसांत रोज पहावा आणि तेल खुणेपर्यंतच भरावें. अधिक भरल्यास तें इंजिनांत ओढलें जाऊन इंजिन बेफाम सुटण्याचा धोका असतो. नव्या ट्रॅक्टरांतील कोरडा कागदी फिल्टर आपटूं नये. हवेच्या हलक्या झोतानें आंतून बाहेर साफ करावा, आणि त्याच्या आंतील दुसरा लहान फिल्टर साफ न करतां मुदतींत बदलावा.

आतां प्रत्यक्ष कृति. पुष्कळ ट्रॅक्टरांत ऑइल बदलण्याचें अंतर २५० तासांचें असतें. तें तासांच्या मीटरवर पहावें, आणि मोटारसायकलचें किलोमीटरवर. वापर कमी असला तरी पुस्तिकेंत दिलेली महिन्यांची मुदत पाळावी. हमीच्या मुदतींतील गाडीचें काम अधिकृत ठिकाणींच करून पावती घ्यावी. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांना उटी लावावी. इंजिन पांच-सात मिनिटें चालवून बंद करावें. कोमट तेलाबरोबर गाळहि निघून जातो. मात्र तें हात भाजण्याइतकें तापूं देऊं नये. वरचें झांकण सैल करून मग खालचा नट काढावा, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबावें.

फिरकीचा फिल्टर काढल्यावर जुनी रबरी कडी इंजिनाला चिकटून तर राहिली नाहीं ना, हें बोट फिरवून पहावें. दोन कड्या एकावर एक बसल्या कीं सर्व तेल बाहेर फेकलें जातें. नव्या कडीला तेलाचें बोट लावावें, फिल्टर हातानेंच फिरवावा, आणि कडी टेंकल्यावर त्यावर लिहिलेल्या सूचनेप्रमाणें, बहुधा पाऊण फेरा, आंवळावा. खालच्या नटाला नवें वॉशर घालावें. मोटारसायकलचें कवच ॲल्युमिनियमचें असतें. लांब पान्यानें जोर केल्यास त्याचे आटे कायमचे जातात. ठरल्या मापाहून थोडें कमी तेल भरून इंजिन सुरू करावें. तेलाच्या दाबाचा दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास तात्काळ बंद करावें. मग पांच मिनिटें थांबून डिपस्टिक पुसावी, पुन्हा घालावी, आणि वरच्या खुणेपर्यंत भर करावी. खुणेच्या वर भरणें ही उदारता नव्हे. जास्त तेल घुसळून फेंस होतो, आणि फेंसाचा पडदा धातूला धरीत नाहीं.

काढलेलें तेलहि बोलतें. डिझेलचें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें. तो त्याचा दोष नसून काजळी उचलल्याची खूण आहे. परंतु तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर इंधन गळत आहे. नटाला चमकते कीस दिसले, तर आंत कांहीं झिजत आहे. अशा वेळीं नवें तेल ओतून स्वस्थ बसूं नये, मिस्त्रीला दाखवावें.

शेवटचा प्रश्न जळक्या ऑइलचा. वाळवी लागूं नये म्हणून तें लांकडाला फांसतात, धुरळा बसावा म्हणून अंगणांत ओततात, कोणी चुलींत जाळतात. त्यांत धातूचे कण आणि जळणांतून आलेलीं विषारी द्रव्यें असतात. तें कातडीला वारंवार लागणें अपायकारक आहे, आणि जनावराच्या जखमेला तर तें कधींहि लावूं नये. एक लिटर जळकें ऑइल सुमारें दहा लाख लिटर गोडें पाणी दूषित करूं शकतें, असें अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबावरून निघतें. धाम, वणा, बोर आणि यशोदा या नद्यांच्या कांठचीं गांवें विहिरीचें व नदीचेंच पाणी पितात. आपल्या कायद्यानेंहि वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत धरलें आहे. २०१६ च्या नियमांत २०२३ सालीं झालेल्या दुरुस्तीनें १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर तें परत घेऊन शुद्ध करविण्याची जबाबदारी टाकली आहे. घरच्या माणसानें एवढेंच करावें : तें पाणी, डिझेल किंवा ब्रेकचें तेल न मिसळतां झांकणाच्या डब्यांत भरावें, फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळून घ्यावा, आणि दोन्ही वस्तु जें गॅरेज किंवा सर्व्हिस केंद्र जळकें ऑइल अधिकृत शुद्धिकारखान्याकडे देतें तेथें पोंचवाव्या. हात साबणानें धुवावे, आणि तेलाचीं चिंधडकें चुलीजवळ ठेवूं नयेत.

या सर्वांचें सार एका लहान वहींत मावतें. पहिल्या पानावर पुस्तिकेंतून पांच गोष्टी उतरून घ्याव्या : दाटपणाचा आंकडा, गुणवत्तेचीं अक्षरें, मोटारसायकल असल्यास ‘जासो’ची खूण, तेलाचें माप, आणि फिल्टरचा क्रमांक. त्याखालीं प्रत्येक बदलाची तारीख आणि मीटरचा आंकडा लिहीत जावा. ही वही घेऊन हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगांवच्या बाजारांत जाणारा मनुष्य दुकानदाराला ‘चांगलें ऑइल द्या’ असें म्हणणार नाहीं. काय पाहिजे तें तो सांगेल. आणि तें नसेल तर पैसे खिशांत घालून पुढच्या दुकानीं जाईल.